शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं, हे मुलांना ठरवू द्या

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि सर्व शिक्षक बंधुभगिनी

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. परदेशात पदवीला जायचं मनात असलेली आपल्या भागातली मुलं हल्ली कागदपत्रांची फाइल घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांचे निबंध वाचते, अर्जाच्या तारखा त्यांच्याबरोबर तपासते. गुण चांगले असतात, निबंधही दोन-तीन खर्ड्यांनंतर उभा राहतो. अडतं ते शिक्षकांच्या शिफारसपत्रापाशी. तिथे मुलांच्या हातात फारसं काही नसतं, सगळं आपल्या कार्यालयांच्या पद्धतीवर असतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

माझं म्हणणं एवढंच आहे. पत्र कोणत्या शिक्षकाकडून घ्यायचं, हे विद्यार्थ्याने ठरवावं. संस्थेने त्यात पद, ज्येष्ठता आणि शिक्का आणू नये. त्या मुलाला शिकताना ज्याने खरोखर पाहिलं आहे त्याने लिहावं, मग तो विभागप्रमुख असो की तासिका तत्त्वावर आलेला तरुण.

आज काय होतं ते तुम्ही जाणताच. मुलगी कार्यालयात जाते. भाऊसाहेब संगणकातला जुना नमुना काढतात, नाव बदलतात, लेटरहेडवर छापतात. प्राचार्यांची सही होते, गोल शिक्का बसतो. ‘सदर विद्यार्थिनी कष्टाळू, आज्ञाधारक व सद्वर्तनी असून तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.’ चारित्र्याचा दाखला म्हणून हे चालेल. पण त्याच महाविद्यालयातून दुसऱ्या मुलाने अर्ज केला की त्याच्याही पत्रात तीच वाक्यं, त्याच क्रमाने. समोर वाचणाऱ्याला दोघांबद्दल काहीच कळत नाही. शिवाय ज्या मुलीला प्राचार्यांनी एका तासालाही शिकवलेलं नाही, तिच्याबद्दल ते बिचारे लिहिणार तरी काय?

हे असं का झालं, तेही मला समजतं. आपल्याकडे या पत्राची सवयच नाही. इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी आणि जेईई, मेडिकलला नीट, केंद्रीय विद्यापीठांना 2022 पासून सीयूईटी. यातल्या कोणत्याही प्रवेशात शिक्षकाला कोणी काही विचारत नाही. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, पेपरात फोटो छापून येतात. पण हा निकाल ज्यांच्या हातून घडतो त्यांचं त्या मुलांबद्दलचं मत प्रवेशाच्या वेळी कोणालाच नको असतं. इथे ते कोणीतरी मागतं आहे. दूर देशातल्या विद्यापीठातला माणूस देवरुखच्या किंवा कणकवलीच्या शिक्षकाला विचारतो आहे, की तुम्ही या मुलाला रोज पाहिलंत, सांगा, हा कसा शिकतो? यात मला आपला मान दिसतो.

आता नेमकं काय मागतात ते सांगते, कारण पुष्कळ गोंधळ इथूनच सुरू होतो. अमेरिकेतली हजाराहून जास्त महाविद्यालयं ‘कॉमन अ‍ॅप’ या एकाच ऑनलाइन अर्जातून प्रवेश देतात. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक शाळेचा अहवाल, तो समुपदेशकाने भरायचा. आपल्याकडे समुपदेशक नसतो, म्हणून तो प्राचार्यांकडे येतो. दुसरं शिक्षकाचं मूल्यमापन, ते वर्गात शिकवणाऱ्यानेच करायचं. किती शिक्षकांचं हवं, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवतं, बहुधा एक किंवा दोन. अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रज्ञानाच्या नामांकित विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र आहे. तिथे एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयाच्या शिक्षकाचं लागतं. ब्रिटनमध्ये ‘यूकास’च्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक अर्जाला एकच संदर्भपत्र असतं आणि 2024 च्या प्रवेशापासून त्याचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात शाळेची ओळख, दुसऱ्यात विद्यार्थ्याच्या अभ्यासावर परिणाम करणारी काही परिस्थिती असेल तर ती, तिसऱ्यात विद्यार्थ्याबद्दल आणखी जे सांगण्याजोगं असेल ते. कॅलिफोर्निया राज्याचं विद्यापीठ पदवीच्या अर्जात साधारणपणे पत्र मागतच नाही. तेव्हा मूल दारात उभं राहिलं की आधी यादी पाहावी, म्हणजे नको तिथे कोणाचा वेळ जाणार नाही.

चांगलं पत्र कसं असतं, याचं एक उदाहरण देते. मिरकरवाड्याकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती. घरी मासळीचा धंदा, त्यामुळे मासे साफ करणं रोजचंच. कल्ल्यांचा धडा चालू असताना तिने विचारलं, “बाई, बांगड्याच्या कल्ल्यात आतून लांब लांब, पिसासारखे काटे असतात, ते सुरमईला का नसतात?” मी तिला म्हटलं, तूच शोध. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन्ही माशांचे कल्ले घेऊन आली. बांगडा प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खातो आणि सुरमई दुसरे मासे धरून खाते, इथपर्यंत ती स्वतःच्या डोक्याने पोहोचली होती. आणि मग म्हणाली, “तर मग तारलीलाही बांगड्यासारखेच असणार. उद्या बघून सांगते.” तारली उघडण्याआधी तिने हे सांगितलं, आणि ते बरोबर निघालं.

तिला लेखी परीक्षेत वर्गात पहिला नंबर कधी मिळाला नाही. आकृत्यांना नावं देताना घाई करायची. पण मी तिच्याबद्दल जे लिहू शकत होते ते तिच्या गुणपत्रिकेत कुठेही नव्हतं: पाहणं, प्रश्न पडणं, अंदाज बांधणं आणि तो तपासणं. हे शिकवून येत नाही असं नाही, पण आलेलं दिसलं की शिक्षकाला ते लगेच ओळखू येतं. पत्र वाचणाऱ्याला हेच हवं असतं. ‘कष्टाळू’ हा शब्द न वापरता तिचे कष्ट त्याला दिसतात. असं पत्र प्राचार्य लिहू शकले नसते. माझ्याहून ज्येष्ठ असलेले, पण तिच्या वर्गावर न गेलेले सहकारीही लिहू शकले नसते.

मुलांनी निवड कशी करावी, याबद्दल पालकांचे समज फार घट्ट आहेत. ज्या विषयात पंच्याण्णव गुण आहेत त्याच सरांकडून घे, असं घरचे सांगतात. पण ज्या सरांच्या तासाला तो मुकाट्याने बसून पंच्याण्णव मिळवत होता, त्यांच्याकडे लिहायला गुणांखेरीज काय आहे? गुण तर गुणपत्रिकेत आहेतच. पहिल्या चाचणीत आपटलेला मुलगा रोज मधल्या सुट्टीत ज्या मॅडमकडे भौतिकशास्त्राची उदाहरणं घेऊन बसला आणि वर्षअखेर सावरला, त्या मॅडमना सांगण्यासारखं जास्त आहे. आमदारांची चिठ्ठी, सरपंचांचं पत्र, मुंबईतल्या ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र यांना इथे काही जागा नाही, त्यांनी मुलाला शिकवलेलं नाही. क्लासच्या सरांबद्दलही हेच. त्यांनी शिकवलं असेल, पण विद्यापीठाने मागितलेलं असतं शाळा-महाविद्यालयातल्या शिक्षकाचं पत्र.

विषयाबद्दलही पालक अडून बसतात. इंजिनिअरिंगला जायचं तर मराठीच्या सरांचं पत्र कशाला? कातळशिल्पांचंच घ्या, म्हणजे आपल्याकडच्या कातळावर कोरलेल्या प्राचीन आकृत्यांचं. बारसू, उक्षी, कशेळीची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून आपल्याकडच्या शाळांच्या सहली सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या माळावर, वळू लागल्या. अशाच एका सहलीत मराठीच्या सरांबरोबर विज्ञान शाखेचा एक मुलगा उक्षीला गेला. हत्तीच्या आकृतीवर त्याने सुतळीने चौकोन आखले, एकेक चौकोन आलेखाच्या कागदावर उतरवला. मग सरांशी वाद घालत बसला, की एवढी मोठी आकृती जमिनीवर उभं राहून पूर्ण दिसतही नाही, तर कोरणाऱ्याने प्रमाण कसं राखलं असेल? सरांकडे उत्तर नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस दोघे त्यावर बोलत होते. या मुलाची अभियंत्याची बुद्धी मराठीच्या सरांनी पाहिली. एमआयटीसारख्या ठिकाणी दुसरं पत्र भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाचं मागतात, ते याचसाठी.

आता तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांबद्दल. प्राचार्य महोदय, इथे माझी विनंती जास्त आग्रहाची आहे. आपल्या कितीतरी महाविद्यालयांत विज्ञानाचे विषय हीच मंडळी सांभाळतात. वयाने मुलांच्या जवळची, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबणारी. मुलं त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. आणि पत्राचा विषय निघाला की सांगितलं जातं, ‘ते कायम नाहीत, त्यांची सही चालणार नाही.’ विद्यापीठाची अशी काही अट नाही. शिक्षकाची नेमणूक कायम आहे की तात्पुरती, हे कोणी विचारत नाही. विचारतात ते असं, की तुम्ही या विद्यार्थ्याला कोणत्या इयत्तेत, कोणता विषय शिकवलात. तात्पुरत्या शिक्षकाला दोनच अडचणी खऱ्या असतात. त्याच्याकडे संस्थेचा अधिकृत ई-मेल नसतो, आणि पुढच्या जूनला तो इथे असेलच असंही नाही. पहिली अडचण कार्यालय एका दिवसात सोडवू शकतं. दुसरीसाठी त्याने सोडून जाण्याआधीच नोंदी लिहून ठेवाव्यात, म्हणजे नवीन गावी गेल्यावरही तो त्यावरून पत्र लिहू शकेल.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त कशाचं दुःख होत असेल तर ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ या वाक्याचं. कामाचा भार मला माहीत आहे. पेपर तपासणी, निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, सगळं मीही केलं आहे. तरीही हे वाक्य आपण बोलू नये. सतरा वर्षांचं पोर स्वतःबद्दल काय लिहिणार? ते लाजून अर्धं लिहितं किंवा इंटरनेटवरून उचलून भारंभार लिहितं. त्याच्या निबंधाची आणि पत्राची भाषा एकच येते, आणि रोज अशी पत्रं वाचणाऱ्या माणसाला ते कळतं. त्याहून वाईट म्हणजे काही एजंट शिक्षकाच्या नावाने खोटा ई-मेल उघडून पत्र स्वतःच भरतात. हे उघडकीला आलं तर मुलाचा प्रवेश जातोच, त्या शाळेतून पुढे येणाऱ्या मुलांकडेही संशयाने पाहिलं जातं. वेळ नसेल तर सरळ नाही म्हणा. ‘बाळा, तुझ्याबद्दल मला चार ओळींपलीकडे लिहिता येणार नाही, तू अमुक मॅडमना विचार,’ असं सांगणारा शिक्षक त्या मुलावर उपकारच करतो.

हे पत्र गोपनीय असतं, तेही समजून घेऊ. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. अर्ज भरताना त्याला विचारतात, की शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तू सोडतोस का? बहुतेक मुलं तो सोडतात, कारण मुलाने न पाहिलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो. शिक्षकाला ई-मेलने दुवा येतो, त्यावर तो स्वतः पत्र चढवतो. पाकिटात घालून मुलाच्या हातात द्यायचं नसतं. पालक येऊन ‘काय लिहिलंत ते दाखवा’ म्हणाले तर त्यांना हे नीट समजावून सांगा. त्यांच्या पोटी भीती असते, आपल्या लेकराबद्दल कोणी वाकडं तर लिहिणार नाही ना? त्या भीतीवर इलाज एकच, मुलाने आधीच विश्वासाचा शिक्षक निवडावा.

त्याच अर्जात एक तक्ताही असतो. विद्यार्थी सरासरीच्या खाली आहे की वर, वरच्या दहा टक्क्यांत, पाच टक्क्यांत, की तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांपैकी मोजक्यांत, अशा खुणा करायच्या. आपण मायेपोटी सगळ्या खुणा शेवटच्या रकान्यात करतो. तसं करू नका. ज्या दोन बाबतींत तो खरोखर मोजक्यांत बसतो तिथेच ती खूण करा, बाकी प्रामाणिक राहू द्या. म्हणजे त्या दोन खुणांना वजन येईल.

वेळेचा मुद्दा आपल्या कोकणात वेगळाच आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधल्या वैद्यकीय शाखांची मुदत 15 ऑक्टोबर. अमेरिकेतल्या लवकरच्या फेरीची बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. आपल्याकडे गणपतीत कॉलेज बंद, शिक्षक आपापल्या गावी. मागोमाग नवरात्र, सहामाही, दिवाळी. मुलाने ऑक्टोबरात विचारलं तर शिक्षक करणार काय? त्यात पावसात चार-चार दिवस लाइट नसते, नेट नसतं. म्हणून मी मुलांना सांगते, जुलैत विचारा, समोर जाऊन विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. बरोबर एक पानभर मजकूर द्या: तुमच्या तासाला मी काय केलं, कुठे अडलो, कोणता प्रयोग आवडला, कुठे अर्ज करतो आहे, मुदत कधी. पत्र शिक्षकच लिहितील, या पानाने त्यांच्या आठवणी जाग्या होतील. कॉमन अ‍ॅपवर शिक्षकाने एकदा चढवलेलं पत्र त्या मुलाच्या यादीतल्या सगळ्या महाविद्यालयांना जातं, प्रत्येकासाठी नवं लिहावं लागत नाही. हे कळलं की पुष्कळ शिक्षकांच्या मनावरचं ओझं उतरतं.

इंग्रजीची भीती वाटते, असं काही सहकारी खाजगीत सांगतात. त्यांना माझा सल्ला असा, की आधी मराठीत लिहा. जे दिसलं ते मनमोकळं लिहा. मग इंग्रजीच्या शिक्षकाला शेजारी बसवून त्याचं साधं इंग्रजी करून घ्या आणि पुन्हा वाचून पाहा, की जे म्हणायचं होतं तेच आलं आहे. अलंकारिक इंग्रजीत लिहिलेल्या दोन पानांपेक्षा बांगड्याच्या कल्ल्याची साधी हकिगत कितीतरी मोलाची.

प्राचार्यांना वाटेल, मग आमचं काम काय? तुमचं काम मोठं आहे आणि ते दुसरं कोणीच करू शकत नाही. शाळेचा अहवाल आणि यूकासचा पहिला भाग तुमचा. तुमचं महाविद्यालय कुठे आहे, वर्गात किती मुलं आहेत, कोणते विषय आहेत आणि कोणते नाहीत, प्रयोगशाळा कशी आहे, हे तुम्हीच सांगायचं. मुलगी खाडीपलीकडून तरीने येते, मग पहिली एसटी धरते. पावसात पूल पाण्याखाली गेला की येऊच शकत नाही. मे महिन्यात बागेत आंबा भरते. तिकडे बसलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात घरांवरची छपरं गेली, 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या पुरात लोकांच्या डोळ्यांदेखत वह्या-पुस्तकं वाहून गेली. त्या वर्षांत ज्या मुलांचा अभ्यास विस्कटला त्यांच्याबद्दल कोणी दोन वाक्यं लिहिली असतील, तर गुणपत्रिकेतला तो खड्डा वाचणाऱ्याला समजला असेल. अशी वाक्यं प्राचार्यांच्या लेखणीतूनच यायला हवीत.

एका प्रकारच्या मुलांपुढे मात्र मी हतबल होते. नाव आपल्या महाविद्यालयात, आणि मुलगा दोन वर्षं कोल्हापूर, पुणे किंवा राजस्थानातल्या कोटा शहराच्या क्लासमध्ये. प्रॅक्टिकल परीक्षेपुरता उगवतो. त्याला कोणी शिकताना पाहिलेलंच नसतं, त्यामुळे प्रामाणिकपणे पत्र लिहू शकेल असा एकही शिक्षक त्याला नसतो. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच पालकांना हे सांगा. पुढे बाहेर जायचा थोडा जरी विचार असेल, तर मुलाने वर्गात बसायला हवं.

वरिष्ठ महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांनाही हेच लागू आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून, आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून मुलं मास्टर्ससाठी बाहेर जातात. त्यांना बहुधा तीन पत्रं लागतात आणि प्रत्येक विद्यापीठाचा दुवा वेगळा येतो. तिथेही विभागप्रमुखांपेक्षा प्रकल्पाच्या मार्गदर्शकाचं पत्र जास्त उपयोगी पडतं, कारण नमुने घ्यायला होडीतून कोण गेलं आणि आकडे जुळले नाहीत तेव्हा पुन्हा कोण बसलं, हे त्यालाच माहीत असतं.

तेव्हा येत्या जूनमध्ये शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढी माझी मागणी आहे. पत्र प्राचार्यांच्याच सहीने जाईल असा अलिखित नियम जिथे असेल तिथे तो काढून टाकावा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना संस्थेचा ई-मेल द्यावा. बारावीच्या मुलांना जुलैतच सांगावं, की तुमचे शिक्षक तुम्ही निवडा. आणि ज्यांनी आजवर असं पत्र लिहिलेलं नाही त्यांनी आधी मराठीत एक खर्डा करून पाहावा. मुलाचं नाव वगळून तो मला दाखवलात तर मी आनंदाने वाचेन आणि कुठे आणखी सांगता येईल ते समासात लिहून परत देईन. सध्या माझ्याकडे वेळ आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रत्नागिरी